नादुरुस्तची पाटी आणि वीस मायक्रॉन

आपल्या मशीन शॉपमध्ये शिरलं की डाव्या हाताला, शेपरच्या पलीकडे, एक हॉरिझाँटल मिलिंग मशीन उभं आहे. हिरवा रंग जागोजागी उडालेला, अंगावर बंगळूरच्या कारखान्याची पितळी पट्टी, टेबलावर जुन्या जर्नल्सचा गठ्ठा आणि ओव्हरआर्मला सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची पाटी : 'नादुरुस्त'. मी फर्स्ट इयरला आलो तेव्हाही ती पाटी होती. आज फायनल इयरला आहे, पाटी तिथेच आहे. फक्त तिच्यावरचं 'ना' पुसट झालं आहे, त्यामुळे लांबून ते 'दुरुस्त' असं वाचलं जातं. चार वर्षांत एवढीच काय ती प्रगती!

यंदा मात्र हालचाल दिसते आहे. डेड स्टॉक रजिस्टर कपाटाबाहेर निघालं आहे आणि कुणकुण अशी आहे की, या मशीनचं निर्लेखन करून ते किलोच्या भावाने भंगारात द्यायचं आणि त्या जागी सीएनसी आणायचं. सीएनसी यावं, जरूर यावं. माझा त्याला काडीचाही विरोध नाही. पण हे मशीन भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवण्याआधी एकदा आम्हा पोरांना त्याचा स्पिंडल उघडू द्या, बेअरिंग बदलू द्या, प्रीलोड आमच्या हातांनी लावू द्या, एवढं मागणं मांडण्यासाठी हा लेख. 'मॅगझीनमध्ये लिहून काय होतंय रे?' असं रूममेट म्हणाला. काहीच नाही झालं तर निदान संपादकांचं एक पान भरेल. असो.

आधी एक कबुली देऊन टाकतो. आपल्या जर्नलमध्ये मिलिंग मशीनची अलाइनमेंट टेस्ट आहे. स्पिंडलच्या टेपरमध्ये टेस्ट मँड्रेल बसवायचा, त्याला डायल टेकवायचा, स्पिंडल हाताने सावकाश फिरवायचा आणि रनआउट किती ते लिहायचं. एकदा स्पिंडल नोजच्या अगदी जवळ आणि एकदा तिथून ३०० मिलिमीटरवर. धडधाकट मशीनला पहिल्या जागी साधारण ०.०१ आणि दुसऱ्या जागी ०.०२ मिलिमीटर एवढीच सूट असते. माझ्या जर्नलमध्ये ०.००८ आणि ०.०१७ असे आकडे आहेत. माझ्या सीनियरच्या जर्नलमध्येही ०.००८ आणि ०.०१७. त्याच्या सीनियरच्याही. थोडक्यात, बंद पडलेल्या मशीनची अॅक्युरसी आपल्याकडे वर्षानुवर्षं तसूभरही कमी झालेली नाही! सबमिशनच्या आदल्या रात्री मीही ते आकडे डोळे झाकून उतरवले आणि 'रिझल्ट : मशीन इज विदिन परमिसिबल लिमिट्स' असं सुवाच्य अक्षरात लिहून सही घेतली.

ज्या माणसाने या चाचण्या मुळात बांधून दिल्या, त्याला हे कळलं असतं तर त्याने काय केलं असतं कोण जाणे. गिऑर्ग श्लेसिंगर त्याचं नाव. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्गच्या तंत्रविद्यालयात १९०४ साली तो मशीन टूल्सचा प्रोफेसर झाला, आणि मशीन तपासायचं कसं याचं त्याचं पुस्तक १९२७ साली निघालं. मशीन घेणारा आणि मशीन विकणारा यांच्यात वाद नको, दोघांनी एकच डायल एकाच जागी लावून एकच आकडा वाचावा, हा त्यामागचा साधा विचार. ज्यू असल्यामुळे नाझींच्या काळात त्याला देश सोडावा लागला. शेवटची वर्षं इंग्लंडमध्ये गेली, १९४९ साली वारला. आणि आपण त्याच्या टेस्टचे आकडे सीनियरच्या जर्नलमधून उतरवतो.

तर गेल्या महिन्यात वर्कशॉपमधल्या सरांची परवानगी काढून आम्ही तिघांनी खरोखरच डायल लावला. नोजजवळ ०.०४ आणि ३०० मिलिमीटरवर ०.११. मग आर्बरखाली लाकडी दांडा घालून हळूच वर उचललं, तर डायलचा काटा ०.०७ सरकला आणि दांडा सोडताच परत आला. म्हणजे स्पिंडल बेअरिंगमध्ये चक्क डुलत होता. गिअर न्यूट्रल करून हाताने फिरवलं तेव्हा एका विशिष्ट जागी बारीक कचकच लागत होती, पोह्यात खडा लागावा तशी. मोटार चालू आहे, गिअरबॉक्स चालू आहे, टेबलाचे स्क्रू थोडे झिजले आहेत पण चालतात. नादुरुस्त आहे ते बहुधा एवढंच : पुढचं बेअरिंग. एका बेअरिंगपायी अख्खं मशीन भंगारात चाललं आहे. दात दुखतो म्हणून माणूसच पुरायला काढावा, तसला हा प्रकार.

आता फर्स्ट इयरच्या आणि कॉम्प्युटरच्या मित्रांसाठी थोडं थांबतो, कारण 'प्रीलोड' हा शब्द आपल्याकडे दोन मार्कांच्या डेफिनेशनपलीकडे कुणाला भेटलेला नाही.

मिलिंगमध्ये कटर फिरतो आणि प्रत्येक दात जॉबवर आपटत जातो. लेथसारखं सलग कापणं नाही, ठक्‌ ठक्‌ ठक्‌ असे धक्के. स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये केसाएवढी जरी मोकळीक असेल तरी प्रत्येक धक्क्याला स्पिंडल आधी ती मोकळीक खातो आणि मग पुढच्या दाताला परत येतो. जॉबवर लाटा उठतात, कटरचे दात तुटतात आणि मशीन किंचाळायला लागतं. मग साधा उपाय वाटतो की मोकळीक शून्य करा. पण शून्यानेही भागत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. गोळी आणि रिंग जिथे टेकतात तो बिंदू असतो. भार कमी असतो तेव्हा तो बिंदू मऊ असतो, थोड्याशा भारानेही बराच दबतो. भार वाढला की टेकणारी जागा पसरते आणि बेअरिंग ताठ होत जातं. गावाकडची बाज आठवा. पायाकडची दोरी सैल झालेली असेल तर बसल्याबसल्या आपण एकदम खाली जातो आणि मग कुठे ती ताण धरते. तीच दोरी ओढून आवळली की तोच माणूस बसला तरी बाज जेमतेम लवते. प्रीलोड म्हणजे दोन बेअरिंग एकमेकांविरुद्ध आधीच आवळून तो मऊ भाग खाऊन टाकायचा. कटरचा भार येतो तेव्हा एक बेअरिंग थोडं मोकळं होतं, दुसरं थोडं आवळलं जातं आणि दोघं मिळून भार झेलतात. गोळ्यांच्या सारख्या जोडीत बाहेरचा अक्षीय भार प्रीलोडच्या सुमारे २.८३ पट झाल्याशिवाय मागचं बेअरिंग पूर्ण सुटत नाही. रोलरच्या जोडीत हाच आकडा सुमारे दुप्पट.

मग आवळा की करकचून, असं कुणी म्हणेल. तिथे मशीन डिझाइनच्या पेपरातलं आपलं लाडकं सूत्र आडवं येतं. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. भार दुप्पट केला की आयुष्य आठव्या हिश्श्यावर. शिवाय जास्त आवळलं की बेअरिंग तापतं, आतली रिंग आणि स्पिंडल बाहेरच्या घरापेक्षा जास्त फुगतात, त्यामुळे बहुतेक रचनांत प्रीलोड आणखी वाढतो, म्हणून आणखी तापतं... हे चक्र एकदा सुरू झालं की थांबतं ते बेअरिंग जळूनच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी एक जोडी जाळली आहे.

थर्ड इयरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वाळूजला एका जॉब शॉपमध्ये इनप्लांट ट्रेनिंगला होतो. आठ-दहा मशीनची शेड, पत्रे असे तापलेले की दुपारी दोन वाजता जॉबपेक्षा माणसालाच कूलंट लागावं. तिथल्या एका मिलिंग हेडचा स्पिंडल आवाज करू लागला म्हणून उघडायचं ठरलं. पुढच्या बाजूला अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जुळवलेली जोडी, पाठीला पाठ लावून बसवलेली, आणि दोघांच्या मध्ये दोन स्पेसर. एक आतल्या रिंगांच्या मध्ये, एक बाहेरच्या रिंगांच्या मध्ये. अशा जोडीचा प्रीलोड कंपनीनेच रिंगांच्या बाजू घासून ठरवून दिलेला असतो. पाठीला पाठ जोडीत आतल्या दोन रिंगांमध्ये जाणूनबुजून काही मायक्रॉनची फट ठेवतात. नट आवळला की ती फट मिटते, आणि फट मिटली की प्रीलोड लागला. मध्ये स्पेसर घालायचे असतील तर दोन्ही तंतोतंत एकाच लांबीचे हवेत, म्हणजे फट होती तेवढीच राहते.

तिथले फिटर मामा पंचवीसेक वर्षं मशीन उघडणारे. आम्ही पोरं त्यांना 'मामा' म्हणायचो आणि ते मला, जरा चिडवूनच, 'इंजिनेर साहेब'. जुनी बेअरिंग काढून सगळे भाग टेबलावर मांडून मामा जेवायला गेले. मला आतल्या स्पेसरच्या कडेला एक चरा दिसला. वाटलं, असा चरा असलेला भाग परत लावायचा म्हणजे अडाणीपणा. मी तो स्पेसर एकटाच सरफेस ग्राइंडरवर ठेवला आणि चरा जाईपर्यंत दोन पास घेतले. आरशासारखा झाला. मामा आल्यावर मी तो काही न बोलता जागेवर ठेवला. शाबासकी नंतर घ्यावी म्हणून.

नवी जोडी बसवली. सगळं कसं नीटनेटकं केलं होतं! हात धुतले होते, बेअरिंगचं पाकीट बसवायच्या क्षणापर्यंत फोडलं नव्हतं, बाहेरच्या रिंगांवरची व्ही खूण जुळवली होती. संध्याकाळी स्पिंडल सुरू केला. वीस मिनिटांत हेडला हात लावता येईना. मामांनी थांबवलं, थंड होऊ दिलं, परत हळू वेगावर लावलं. परत तेच, आणि आता वरच्या पट्टीतली एक शिटी ऐकू यायला लागली. रात्री उघडलं तेव्हा ग्रीस काळं पडलं होतं आणि गोळ्यांच्या वाटेवर निळसर-तपकिरी पट्टा उमटला होता.

मामांनी कुणालाही काही विचारलं नाही. दोन्ही स्पेसर पुसून सरफेस प्लेटवर शेजारी शेजारी ठेवले आणि वरून लिव्हर डायल सरकवला. बाहेरच्या स्पेसरवरून आतल्यावर आला तसा काटा पडला. वीस मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्याचाही तिसरा हिस्सा नाही. पण मुळात ठेवलेली फटच काही मायक्रॉनची. तिच्यात मी वीस वाढवले होते. आतला स्पेसर आखूड झाला, त्यामुळे नटाने आतल्या रिंगा ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त जवळ खेचल्या आणि प्रीलोड अनेक पटींनी वाढला.

'हे कोन घासलं?' मामांनी विचारलं. मी कबूल केलं. त्यावर ते एवढंच म्हणाले, 'घासायचं होतं तं दोन्ही संगं घासायचे नं. घाई कशाची करायलास?'

जोडीची किंमत माझ्या पाच महिन्यांच्या मेसच्या बिलाएवढी होती. मालकांनी पैसे कापले नाहीत. त्यांनी बेअरिंगच्या रिकाम्या खोक्यावर काय चुकलं ते मला माझ्याच अक्षरात लिहायला लावलं आणि ते खोकं टूल क्रिबच्या दाराला टांगलं. अजूनही तिथे असेल. त्यापेक्षा पैसे कापले असते तर बरं, असं तेव्हा वाटलं होतं.

दुसरी जोडी आली तेव्हा मामा बाजूला स्टुलावर बसले आणि सगळं मला करायला लावलं. दोन्ही स्पेसर मॅग्नेटिक चकवर एकत्र ठेवून एकाच सेटिंगमध्ये ग्राइंड केले. ग्राइंडिंगनंतर त्यांचं चुंबकत्व काढलं, नाहीतर लोखंडाचा कीस चिकटून थेट बेअरिंगमध्ये जातो. सरफेस प्लेटवर फरक काट्याच्या जाडीत मावला. ग्रीस भरताना मी सढळ हाताने बोट घातलं, तर मामा ओरडले. ग्रीस म्हणजे पुरणपोळीवरचं तूप नव्हे. रिकाम्या जागेच्या पाव ते एक तृतीयांश पुरे, जास्त घातलं की गोळ्या ते घुसळत बसतात आणि तापतात. रिंगा हीटरवर ऐंशी अंशांच्या आसपास गरम करून सरकवल्या, हातोडी जवळ येऊ दिली नाही. नट आधी ठरलेल्या टॉर्कच्या दुपटीने आवळला, म्हणजे रिंगा नीट टेकतात, मग मोकळा करून ठरलेल्या टॉर्कवर परत आवळला. त्यानंतरची युक्ती मला फार आवडली. स्पिंडलला सुतळीचे चार वेढे दिले आणि तिचं टोक ताणकाट्याला अडकवून सावकाश ओढलं. स्पिंडल एकसारखा फिरत असताना काटा किती दाखवतो त्यावरून आतला प्रीलोड कळतो. शाळेत विज्ञानाच्या पेटीत धूळ खात पडलेला ताणकाटा! मामांच्या वहीत त्या हेडसाठी जुना आकडा लिहिलेला होता. आमचा त्याच्या जवळ आला तेव्हा ते स्टुलावरून उठले आणि चहा सांगितला.

मग रनिंग-इन. सगळ्यात खालच्या वेगावर वीस मिनिटं, तापमान स्थिर झालं की पुढची पायरी, आणि प्रत्येक पायरीला हेडवर हात. मामांचा नियम : तळहात ठेवून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे. संध्याकाळी सहा वाजता सगळ्यात वरच्या वेगावर मी दहापर्यंत मोजलं. शिटी नव्हती. नोजजवळ रनआउट डायलला मोजावा लागेल इतपत होता, बस्स. तो आकडा मी स्वतः वाचला. आयुष्यात पहिल्यांदा जर्नलमधून उतरवला नाही.

आता परत आपल्या हिरव्या मशीनकडे. त्याचं मॅन्युअल स्टोअरच्या कपाटात, वाळवीने कडा खाल्लेलं, पण सापडलं. त्यात स्पिंडलचा उभा छेद आहे. पुढे आणि मागे टेपर रोलर बेअरिंग, आणि मागच्या बाजूला एक अॅडजस्टिंग नट. म्हणजे इथे स्पेसरचा मामला नाही, नट किती फिरवायचा एवढाच प्रश्न. सोपं वाटतं? नटाच्या आट्याचा पिच १.५ मिलिमीटर धरा. घड्याळातल्या एका मिनिटाच्या खुणेएवढा, म्हणजे सहा अंश, नट फिरला की तो पंचवीस मायक्रॉन पुढे सरकतो. सी-स्पॅनरला हातोडीने एक टोला मारला तर एवढं सहज होतं. म्हणूनच हा नट आवळताना स्पिंडल सतत हाताने फिरवत राहावं लागतं, म्हणजे रोलर आपल्या कडेला नीट टेकतात. डायलवर पुढे-मागे हालणं शून्य झालं की तिथून पुढे किंचित, आणि मग चालवून, हात ठेवून, तापमान बघून, पुन्हा किंचित. थोडक्यात, एका झटक्यात होणारं काम नव्हे.

प्रामाणिकपणे सांगायचं तर असंही असू शकेल की बेअरिंग बदलायची गरजच नाही, झिजेने सैल झालेला नट थोडा आवळला की भागेल. पण ती कचकच ऐकता मला तसं वाटत नाही. रोलर किंवा रिंगेला खड्डे पडलेले असणार. खड्डे पडलेलं बेअरिंग आवळून बरं होत नाही. काय ते उघडल्यावरच कळेल, आणि माझं म्हणणंही तेच आहे की उघडा.

यावर जे आक्षेप येतात ते मी स्टाफरूमच्या दारात उभं राहून ऐकले आहेत, म्हणून लिहितो. पहिला : पोरं बेअरिंग जाळतील. अहो, जाळतीलच की! मी जाळलंच आहे. पण ते वाळूजला कुणा गरीब मालकाच्या खर्चाने जाळण्यापेक्षा इथे, सरांच्या नजरेखाली, नाहीतरी भंगारात चाललेल्या मशीनवर जाळलेलं काय वाईट? दुसरा : डेड स्टॉकची वस्तू उघडली आणि एखादा भाग हरवला तर ऑडिटला उत्तर कोण देणार? हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्यावर हसून चालणार नाही. सही ज्यांची असते त्यांनाच तो जाचतो. त्यासाठी आम्ही असं सुचवतो की निर्लेखनाचा प्रस्ताव थांबवून मशीन 'प्रोजेक्टसाठी' म्हणून नोंदवावं, प्रत्येक भागाचा फोटो काढून, नंबर घालून, यादीवर आमच्या सह्या घ्याव्यात. तिसरा आक्षेप सगळ्यात हुशार आहे आणि तो मला आमच्याच वर्गातल्या मित्राने ऐकवला : 'आता सीएनसीत अख्खं स्पिंडल कार्ट्रिजच बदलतात, बेअरिंग कोण बदलतंय?' बरोबर. कार्ट्रिज काढायचं, खोक्यात घालायचं, कुरिअर करायचं. पण खोकं जिथे पोचतं तिथे ते कोण उघडतं? ज्या शेडमध्ये मी होतो तिथलाच एक सीएनसी स्पिंडल दुरुस्तीला परगावी गेला तो सहा आठवड्यांनी आला. तेवढे दिवस मशीन झाकून ठेवलेलं आणि त्यावरचा ऑपरेटर इतर कामांवर हमाली करत होता. त्या परगावच्या स्वच्छ खोलीत बसून स्पेसर मापणाराही कुणीतरी कुठल्यातरी कॉलेजात शिकलेलाच असणार ना? तो आपल्या कॉलेजचा का नको?

आणि हे आपल्या गावात बोलायला लागावं याचंच मला नवल वाटतं. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्या मागोमाग छोट्या-मोठ्या व्हेंडरच्या शेडी उभ्या राहिल्या. चिकलठाणा, रेल्वे स्टेशन, वाळूज, शेंद्रा, कुठल्याही एमआयडीसीत कुठल्याही गल्लीत गेलात तरी मिलिंगचा आवाज ऐकू येतो. ठाण्यात १९६५ साली सुरू झालेल्या एनआरबी कंपनीचे नीडल रोलर बेअरिंगचे कारखाने वाळूजला आहेत, जालन्यालाही आहेत. गावाचं नाव २०२३ साली बदललं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, पण या गल्ल्यांमधला आवाज तोच राहिला. बेअरिंग बनतात इथे, झिजतात इथे आणि आपण मेकॅनिकलची पोरं बेअरिंग हातात धरतो ते ओरलच्या टेबलावर, पेपरवेट म्हणून ठेवलेलं!

खर्चाचं म्हणाल तर टेपर रोलरची दोन चांगली बेअरिंग, थोडं ग्रीस आणि ऑइल सील, एवढ्याचा हिशोब आम्ही काढला आहे. गॅदरिंगच्या मंडपाच्या बिलात ते सहज बसतं. बेअरिंग मात्र अधिकृत डीलरकडूनच घ्यावं. नामांकित कंपन्यांचे हुबेहूब शिक्के मारलेली नकली बेअरिंग बाजारात येतात, इतकी की खरं-खोटं तपासायला कंपन्यांना मोबाइल अॅप काढावी लागली. तिथे दोनशे रुपये वाचवण्याचा मोह कुणी करू नये. मोजमापात अडलो तर चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे. सरांनी एक पत्र दिलं तर तिथल्या लोकांना निदान विचारता तरी येईल. आणि मामा रिटायर झाले आहेत. रविवारी यायला तयार आहेत, बसने ने-आण आणि दुपारचं जेवण एवढीच अट. मेसचं जेवण असेल असं मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

माझं आणखी एक मत आहे, ते स्टाफपैकी काहींना आवडणार नाही. सीएनसी आलं की त्याला काचेचं दार असेल, किल्ली असेल आणि आपण चाळीस जण अर्धवर्तुळात उभे राहून दारातून आत बघू. एएमसीचा इंजिनिअर येईपर्यंत त्याचं एक पॅनेलही आपल्याला उघडू देणार नाहीत आणि ते योग्यच आहे. महागडी वस्तू आहे. म्हणजे ज्याला हात लावता येईल असं हे हिरवं मशीन शेवटचंच. ते गेलं की स्पिंडल आतून कसा दिसतो हे आपल्या ज्युनिअर्सना व्हिडिओत दिसेल. व्हिडिओ चांगले असतात, मीही रात्र-रात्र बघतो. पण व्हिडिओतला स्पिंडल तापत नाही.

मशीन दुरुस्त झालं तर ते काही नव्या मशीनच्या तोडीचं होणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. टेबलाचे स्क्रू झिजलेले आहेत, गाइडवेवर ओरखडे आहेत. तीन अक्षांची कारागिरी त्यावर होणार नाही. पण फर्स्ट इयरच्या पोरांना स्लॉट मारायला, गिअरचे दात पाडायला ते अजून पुष्कळ वर्षं पुरेल. आणि अलाइनमेंट टेस्टच्या जर्नलमध्ये खरे आकडे येतील. ०.००८ येणार नाहीत. ०.०१५ आले तरी चालतील, पण ते ज्याचे त्याने वाचलेले असतील, आणि पुढच्या वर्षी तेच राहणार नाहीत.

अर्ज लिहून तयार आहे. आत्तापर्यंत त्यावर सात सह्या झाल्या आहेत. त्यात इलेक्ट्रिकलचे दोघे आहेत. मोटार सोडवायला ते लागतीलच. कॉम्प्युटरच्या एकाने फोटो काढायची जबाबदारी घेतली आहे. वर्कशॉपमधल्या सरांनी अर्ज दोनदा वाचला, 'बघू' म्हणाले, आणि जाता जाता सी-स्पॅनरच्या कपाटाची किल्ली कुठल्या खिळ्याला असते ते सांगून गेले.